मास्तरणीच्या वहीतलं एकेचाळिसावं नाव

मार्सेल बोलायला लागला की समोर दोन माणसं असली तरी दोनशे बसल्यासारखं बोलतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर त्याचं एकही वाक्य हार घातल्याशिवाय तोंडाबाहेर पडत नाही. त्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, वसईजवळच्या उमेळ्यात, धोंडूबाईच्या नातवाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, तो सोफ्याच्या कडेवर टेकला, तीनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "सर्वप्रथम, धोंडूबाय, समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो."

"काय म्हनतो हा?" धोंडूबाईने आतल्या दिशेने विचारलं. वय नव्वद. उजवा कान केव्हाच गेलेला, डाव्यात मशीन, आणि मशीनला स्वतःचा स्वभाव.

"थँक्यू म्हणतायत, आजी!" निधी, तिची नातसून, किचनमधून ओरडली.

"मंग तसं बोल ना, मार्सू. पाद्रीसारका मिस्सा कशाला वाचतो?"

मार्सेल कसनुसं हसला. मांडीवरच्या पिशवीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, आणि त्यातून पुठ्ठा झडलेली एक पातळ वही. ती त्याच्या आत्याची, फेलिशिया मास्तरणीची. आत्याचं जुनं कपाट मोडीत देताना तळाशी, लग्नपत्रिकांच्या खाली सापडलेली. ती सापडली आणि गावाला एकदम आठवलं की आपल्याकडे कुणीतरी मोठं होऊन गेलं.

झालं होतं ते असं. देशातली पहिली निवडणूक आली तेव्हा यादी करणाऱ्यांना बायका स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको लिवा', 'तमक्याची आय लिवा.' असली नावं मग यादीतून सरळ उडवली गेली. फेलिशियाची आईही त्यात उडाली. मास्तरीण भडकली. दुसऱ्या निवडणुकीच्या आधी, शाळा सुटली की वही काखेत मारून ती निघायची. आज ख्रिस्ती आळी, उद्या खाडीकडचे पाडे. दारात उभी राहून एकच विचारायची, "तुझं नाव काय?" नवऱ्याचं नको, सासऱ्याचं नको, तुझं. ख्रिस्ती बायकांची तर गंमतच होती. बाप्तिस्म्याला पाद्रीने घेतलेलं नाव एकदा लग्नात घ्यायचं आणि मग थेट मयताच्या मिस्साला. मधली पन्नास वर्षं ती नुसती 'पास्कूची बायको'. पण मास्तरीण उंबऱ्यावरून हलायची नाही. तीन महिन्यांत तिने बासष्ट बायकांची नावं त्यांच्याच तोंडून वदवून घेतली, आणि त्या बासष्ट जणी मताला गेल्या.

"उद्या सायंकाळी ठीक पाच वाजता," मार्सेल मशीनच्या दिशेने वाकून म्हणाला, "खालच्या चौकात आत्याच्या नावाच्या फलकाचं अनावरण. त्यानंतर मी ही बासष्ट नावं वाचणार. दिवंगत भगिनींच्या वतीने त्यांच्या घरचे ओ देतील. आणि आपण, धोंडूबाय, त्या बासष्टांतल्या एकमेव हयात! आपण स्वतः ओ द्यायची. एकेचाळीस नंबर. एकदा तालीम करू?"

धोंडूबाईने नको म्हणून हात हलवला. मार्सेलला तो हो वाटला. त्याने चष्मा चढवला, वही नाकापाशी नेली आणि व्यासपीठावरच्या आवाजात म्हटलं, "एकेचाळीस. हिराबाई शत्रुघ्न तरे."

"ओऽऽ!"

"वा!" मार्सेलने मांडीवर थाप मारली. "काय आवाज लागलाय, धोंडूबाय! अगदी लहान पोरीसारखा!"

"आजी, भारी!" किचनमधून निधी.

धोंडूबाईने तोंड उघडलंच नव्हतं. मशीन त्या वेळी नुसती सूंऽऽ करत होती. मार्सेलचे ओठ हललेले तिने पाहिले, तो खूश झालेला पाहिला, आणि तिला कळलं. कानाने नाही, मानेने कळलं. मानेमागे, जिथे अंबाडा संपतो तिथे, गार पाण्यातून नुकतं वर आलेलं कुणीतरी श्वास सोडून गेलं.

मार्सेल गेल्यावर निधी पोछा घेऊन आली. "आजी, तुम्ही पाणी सांडलंत? खुर्चीमागे सगळं ओलं झालंय." मग वाकून बघत म्हणाली, "आणि हे काय, खालच्या मजल्यावरची पोरगी वर आली होती का? पाय बघा, केवढुसे."

धोंडूबाईने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ते पाय ती सत्तर वर्षं ओळखत होती.

धोंडूबाईच्या आईला आधी तीन पोरं झाली आणि तिन्ही गेली. दोन पाळण्यात. तिसरी, हिरा, सहा वर्षांची होऊन, चांगली बोलकी-चालकी होऊन गेली. वाडीत बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. केळीला, भाजीला पाणी त्याचंच. भर दुपारी हिरा त्याच्या काठावर खेळत होती. आईने जेवायला हाक मारली. हिराने ओ दिली नाही. आईने अजून एकदा मारली, अजून एकदा मारली. त्या दुपारी आईने किती हाका मारल्या याची गिनती पाड्यात पुढे कितीतरी वर्षं चालू होती. कुणी वीस म्हणे, कुणी पन्नास. ओ काही आली नाही. बावखल पुढे बुजवलं, त्यावर बिल्डिंगी आल्या, बिल्डिंगींच्या मध्ये जो चौक उरला त्यालाच उद्या मास्तरणीचं नाव लागणार होतं.

हिरा गेली त्याच्या पुढच्या वर्षी ही झाली. पोरं जगत नसली की काय करायचं ते पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चांगलं नाव ठेवायचंच नाही. धोंडू म्हणायचं. वरच्याला वाटलं पाहिजे, धोंडा आहे, धोंड्याला काय न्यायचं! आईने तिला कधी मोठ्याने हाक मारली नाही, आणि एक गोष्ट घोटून घोटून सांगितली: "तुजं नाव कदी कागदावर चडू देव नको. कागूद वरचा वाचतो."

म्हणजे बघा, फेलिशिया मास्तरीण वही घेऊन दारात आली तेव्हा धोंडूबाई एकवीस वर्षांची, मिठागरावरून नुकतीच आलेली, पायाला मीठ लागलेली. आतून सासू खेकसली, "शत्रुघ्नाची बायको लिव नि जा."

"शत्रुघ्नाची बायको मत द्यायला येणार नाही," मास्तरीण म्हणाली. "ही येणार. तुझं नाव काय गं?"

धोंडूबाईला मत द्यायचं होतं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. मिठागरावर मुकादम पुरुषांना नावाने बोलवायचा आणि बायकांना 'ए' म्हणायचा, तेवढंच डोक्यात होतं. पण नाव सांगितलं तर ते कागदावर चढणार, आणि कागद वरचा वाचणार. तिने डोकं चालवलं. ज्याला एकदा नेलंय त्याला पुन्हा कोण नेणार?

"हिरा," ती म्हणाली.

मास्तरणीने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ती त्याच गावची. हिरा असती तर तिच्याच वयाची असती. दोघी बावखलाच्या काठी सागरगोटे खेळलेल्या. "नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

"लिहिते मी. पण हे नाव घेतलं की दर वेळी ओ तुलाच द्यावी लागेल हां. चुकू नकोस."

तेव्हा धोंडूबाईला ते शाळामास्तरणीचं बोलणं वाटलं, शाळेत हजेरीला म्हणतात तसं.

मताच्या दिवशी ती लुगड्याचा पदर दातात धरून शाळेच्या खोलीत शिरली. टेबलामागच्या क्लार्कने यादीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, कारण तशी पद्धतच आहे, "हिराबाई शत्रुघ्न तरे!" धोंडूबाई क्षणभर गप्प राहिली. आपल्याला कुणी असं हाक मारतंय हे ध्यानातच येईना. आणि तेवढ्या क्षणात तिच्या कमरेच्या उंचीवरून, मागून, पोरीचा आवाज आला, "ओऽऽ!"

मागे वळली तर मागे पास्कूची बायको. तिची उंची पाच फूट सहा इंच आणि आवाज म्हशीचा. तिने काही ओ दिली नव्हती.

तिन्हीसांजेला एका हाकेला ओ द्यायची नाही, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हाक मारणारं कोण असेल सांगता येत नाही. पण हाक मारणारं जितं असेल आणि ओ देणारं मेलेलं, तर काय करायचं, हे कुणी शिकवून ठेवलेलं नाही. धोंडूबाई घाईघाईने पुढे झाली, "मी, मी हाय!" म्हणाली, बोटाला शाई लावून घेतली, मत टाकलं. संध्याकाळी पाणी भरायला बावखलावर गेली तर खालच्या ओल्या पायरीवर शाईचं एक बोट उमटलेलं. तिळाएवढं बोट. तिने लुगड्याने पुसलं. गेलं नाही. ते आपोआप, तिच्या बोटावरची शाई गेली त्या दिवशी गेलं.

मग सुरू झाला तो खेळ. मतदार यादीवरून रेशन कार्ड झालं, रेशन कार्डावरून बाकी सगळं. आईचा सल्ला अगदी तंतोतंत पाळला गेला: धोंडूचं नाव एकाही कागदावर चढलं नाही. लोकांना वाटे, हिराबाई सासरचं नाव, धोंडू माहेरचं. सहा वर्षांच्या हिराचं मात्र कागदावर लग्न झालं, चार पोरं झाली, दोन पोरं गेली, मिठागर सुटलं, वसईच्या बाजारात पडवळ-दोडक्यांची जागा मिळाली, नवरा वारला, निराधाराची पेन्शन लागली. ती सही नाही करायची, अंगठा द्यायची. मेलेल्या पोरीच्या नावापुढे जित्या बाईचा अंगठा. आणि दवाखान्यात, तलाठ्याकडे, बँकेत, जिथे जिथे कुणी मोठ्याने 'हिराबाई' म्हणे, तिथे धोंडूबाई नाव पुरतं व्हायच्या आत ओ द्यायची. शिपाई हसायचे. "आजींना लय घाई!" बाजारातल्या बायका तिची नक्कल करायच्या. कुणी 'हि' म्हटलं की सगळ्या एका सुरात, "ओ!"

एकदाच चुकली. शत्रुघ्न जाऊन दुसरं वर्ष होतं. मताच्या रांगेत पुढे घुसणाऱ्या एका बाईशी ती भांडत होती आणि भांडण रंगात आलेलं. "तुज्या बापाची रांग हाय का गो?" "माज्या नाय, तुज्या सासऱ्याची!" आत क्लार्कने नाव पुकारलेलं तिला ऐकू आलं नाही. टेबलापाशी पोचली तेव्हा क्लार्क यादी आणि तिचं तोंड आळीपाळीने बघू लागला.

"मावशी, तुमचं मत झालंय."

"कोनी केलं?"

"आत्ताच कुणीतरी… अंगठा दिलाय इथे." त्याने कागद वळवून दाखवला. तिच्या नावासमोर अंगठा होता. ओला. वाटाण्याएवढा. क्लार्कने तो बघितला, मग टेबलाखाली बघितलं, मग रुमाल काढून कपाळ पुसलं.

बाहेर दोन्ही पार्ट्यांनी ओरडा केला, "बोगस! बोगस!" त्या वर्षी उमेळ्यात तेवढाच विषय होता. धोंडूबाई घरी आली आणि तिला जाणवलं की घरात तिला कुणी ओळखत नाहीये. म्हणजे ओळखत होते, पण जरा उशिराने. सून दार उघडून नुसती बघत राहिली. "कोन पायजे?" म्हणाली, आणि मग जीभ चावून, "अगो बाय, आयस तू होय!" आठ दिवस असं चाललं. कुत्रासुद्धा एकदा हुंगून मग शेपूट हलवायचा. तिला तेव्हा कळलं, की ओ चुकली तर काय जातं. जी ओ देते, जागा तिची होते. एक ओ चुकली तर आठ दिवस. आजची नुसती तालीम होती म्हणून निभावलं. भर गावात, माईकवर, चुकली तर?

आणि आता कान गेलेले.

रविवारी सकाळी मिस्सा आटपून मार्सेल इस्त्रीचा कोट घालून चौकातली तयारी बघायला आला, तेव्हा धोंडूबाईने त्याला वर बोलावून घेतलं. नातू कल्पेशही घरी होता. तिने दोघांना समोर बसवलं आणि जे सत्तर वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. हिरा कोण, ते. ओल्या अंगठ्याचं नाही सांगितलं. नुसतं एवढंच, की नाव तिचं नाही.

मार्सेलचा कोट एकदम मोठा झाल्यासारखा वाटू लागला.

"हे आपण कुणाजवळ बोलला नाहीत ना?" तो कुजबुजला, आणि ते मशीनला ऐकू गेलं नाही म्हणून ओरडून परत कुजबुजला. "आत्याचं सगळं आयुष्य एका वाक्यात आहे, धोंडूबाय. स्वतःचं नाव! फलकावर तेच कोरलंय. आणि एकमेव हयात भगिनी उठून म्हणणार की मी दुसरीचंच सांगितलं? लोक काय म्हणतील? वही खोटी म्हणतील!"

"आजी, टेन्शन नको घेऊ आणि देऊ पण नको," कल्पेश म्हणाला. तो इस्टेट एजंट, त्याला पहिले कागद दिसतात. "आधार हिराबाई, पेन्शन हिराबाई, या फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर हिराबाई. आता धोंडूबाई बोललीस तर मी कुठकुठे ॲफिडेविट करत फिरू? एक ओ द्यायची आहे. सिंपल."

"सिंपल," धोंडूबाई म्हणाली. त्याचा सूर तिने असा काही उचलला की निधीने तोंडावर ओढणी धरली.

दोघे गेल्यावर निधी तिच्याजवळ येऊन बसली. मशीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिने विचारलं, "आजी, काल ओ तुम्ही दिली नव्हती ना?"

धोंडूबाईने तिच्याकडे बघितलं.

"मी पोछा मारला ना," निधी म्हणाली, "तर ते पाय पुसले गेले नाहीत. तीनदा मारला. सकाळी बघितलं तर नव्हते. आणि सोफ्यापासून दारापर्यंत एक पण पाऊल नव्हतं, फक्त खुर्चीमागे. उभं असल्यासारखे." तिने आजीचा हात धरला. "मी तुमच्या शेजारी बसते. नाव आलं की कोपर मारते. ओके?"

"जोरात मार," धोंडूबाई म्हणाली.

पाच वाजता चौक भरला होता. पेव्हर ब्लॉकवर लाल गालिचा, त्यावर खुर्च्या, एका बाजूला चर्चच्या महिला मंडळाच्या एकसारख्या साड्या, दुसऱ्या बाजूला खाडीकडच्या बायका, मध्ये पोरं. वरच्या गॅलऱ्यांतून नव्या बिल्डिंगीतले लोक मोबाईल धरून. ऊन अजून होतं. गालिचा मात्र धोंडूबाईच्या खुर्चीखाली ओला लागत होता. तिने चप्पल काढून पाहिलं. खालून, दगडांच्या फटींतून, पाणी गालिच्यात चढत होतं. थोडंसंच. दुसऱ्या कुणाच्या खुर्चीखाली नव्हतं.

पडदा सरला. काळ्या फलकावर सोनेरी अक्षरं. टाळ्या झाल्या. मार्सेलने वीस मिनिटं 'दोन शब्द' बोलून घेतले आणि मग वही उघडली.

"एक. मर्लिन पास्कू…"

"ओ!" मागून एक टक्कल पडलेला नातू उभा राहिला. लोक हसले, मग टाळ्या पडल्या.

"दोन."

"ओ!"

मजा येऊ लागली लोकांना. कुणाची लेक, कुणाचा पणतू, कुणाची जाऊबाई. एका नावाला तर अख्खं कुटुंब उठलं, अकरा माणसं, आणि एकदम ओ दिली, तान्ह्यासकट. एका बाईने ओ देता देता रडायला सुरुवात केली आणि रडत रडत सेल्फी काढला. सतराव्या नावाला कुणीच उठेना, तर महिला मंडळाच्या सालोमी बाय, स्वतः ऐंशीच्या, काठी टेकत उभ्या राहिल्या. "हिचं कोणी राहिलं नाही. मी देते. ओ!" त्या टाळ्या सगळ्यांत जास्त.

धोंडूबाई ऐकत होती. मशीनमधून, अर्धंमुर्धं, पण ऐकत होती. पाऊण तास झाला आणि तिला एक दिसायला लागलं. या सगळ्या मेलेल्या बायका. प्रत्येकीला आज कुणी ना कुणी ओ देतंय. ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांनाही सालोमी देतेय. आणि त्या बावखलाच्या काठी भर दुपारी आईने वीस म्हणा पन्नास म्हणा हाका मारल्या, त्या हाकांची ओ हिराच्या घशात अडकून राहिली. नंतर जेव्हा जेव्हा कुणी तिला हाक मारली तेव्हा ही धाकटी मधे घुसली. नाव पुरतं व्हायच्या आत. सत्तर वर्षं. तिची प्रत्येक ओ हिने चोरली, आणि वर म्हणायचं की ती माझी जागा घेते.

"चाळीस," मार्सेल म्हणाला. चाळिसाव्या नावाला ओ मिळाली.

मानेमागे गारवा आला.

मार्सेलने मान वर केली, सगळ्या चौकाकडे बघितलं, स्वरात थोडं कापरं आणलं, कारण इथे कापरं यायचं असं त्याने घरी ठरवलं होतं. "एकेचाळीस. हिराबाई… शत्रुघ्न… तरे!"

निधीने कोपर मारलं. जोरात मारलं. धोंडूबाईचे ओठ सवयीने सुटलेच होते. तिने ते दाताखाली धरले.

सगळे तिच्याकडे बघत होते. मार्सेलने भुवया उंचावल्या. निधीने दुसऱ्यांदा कोपर मारलं, मग तिसऱ्यांदा मारायचं म्हणून उचललेलं कोपर तसंच राहिलं.

"ओऽऽऽ!"

माईकपासून दूर होती, तरी स्पीकरमधून आली. लांबलचक, आनंदाची, धावत येणाऱ्या पोरीची, आई हाक मारतेय आणि जेवायला काहीतरी आवडतं आहे हे ठाऊक असलेल्या पोरीची. वरच्या गॅलऱ्यांतले लोक हसले. "कोणाचं पोर आहे रे?" कुणीतरी विचारलं. पोरं एकमेकांकडे बोट दाखवू लागली. मार्सेल हसला नाही. तो धोंडूबाईच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होता आणि नकळत एक पाऊल मागे सरकला होता. या वेळी ते घरी ठरवलेलं नव्हतं.

धोंडूबाई उठली. तिने माईक मागितला नाही, मार्सेलच्या हातातून घेतला.

"ती हिरा," ती म्हणाली. "माजी मोठी भैन. सा वर्सांची व्हती. ह्या हितंच पानी व्हतं, तुमी बसलांव तितं. म्या मास्तरणीला तिचं नाव सांगलं, माजं नाय सांगलं. भ्याले व्हते. कागूद वरचा वाचतो म्हनून." कल्पेश पुढच्या रांगेत डोकं धरून बसला होता. "मास्तरणीला कलत व्हतं. तरी तिना लिवलं. ती वही खोटी नाय. खोटी मी व्हते. मार्सू, ते बासट पुरं कर. मंग माजं लिव."

मार्सेलने घसा साफ केला. एकदाच. त्याला हार घालायला एकही शब्द सापडला नाही. त्याने उरलेली एकवीस नावं वाचली, सरळ, कापऱ्याशिवाय, आणि एकवीस ओ आल्या. मग खिशातलं पेन काढलं, वही फलकाच्या चौथऱ्यावर टेकवली आणि बासष्टाच्या खाली लिहिलं. लिहायला त्याला वेळ लागला. सालोमी बाय जवळ जाऊन बघू लागल्या. "अक्षर नीट काढ," त्या म्हणाल्या, "आत्याने पाहिलं असतं तर छडी मारली असती."

धोंडूबाई उभी होती. तिने चप्पल घातली नव्हती आणि पायाखालचा गालिचा कोरडा लागत होता, इतका की उन्हाने तापलेला. मानेमागे काही नव्हतं. हात मागे नेऊन तिने अंबाडा चाचपला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा पाठ रिकामी होती, आणि तिला त्या रिकाम्या पाठीची भीती वाटली. आता मधे कुणी नाही. आता नाव पुकारलं की वरचा थेट तिचंच ऐकणार.

"त्रेसष्ट," मार्सेल म्हणाला. "धोंडूबाई शत्रुघ्न तरे."

मशीन सूंऽऽ करत होती, पण ते नाव तिने ऐकलं. एवढ्या मोठ्याने ते तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. गॅलऱ्यांच्या वर, टाक्यांच्या वर आभाळ अगदी स्वच्छ होतं, आणि तिला वाटलं, तिथेही कुणीतरी आत्ता बोट ठेवून पुढचं नाव बघतंय. बघू दे. तिने घाई केली नाही. नाव पुरतं होऊ दिलं, त्याच्यामागची शांतता पुरती होऊ दिली, मग छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि म्हशीला बोलवावं तशी दणकून ओ दिली.